स्मृतिदिनाच्या यादीत आई

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागे आमचं घर शांत झालं असं नातेवाईक म्हणत, पण ते खरं नव्हतं. घरात आई होती, त्यामुळे शांतता शक्यच नव्हती. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या खाली पिठाची गिरणी होती. सकाळी तिचा पट्टा फिरायला लागला की फरशी पायाखाली थरथरायची, तरी आईचा आवाज गिरणीच्या वर ऐकू यायचा. ती भांडी ठेवत नसे, आदळत असे. कुकरला ती नावानिशी रागवायची, गॅस मंद झाला की त्याच्या खानदानाचा उद्धार करायची, आणि सुकट भाजताना खिडकी उघडून समोरच्या इमारतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "येऊ दे वास! नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत!" गॅलरीतून गायकवाड काकूंनी "शकुंतलाबाई!" अशी हाक मारली की घरात कुठंही असली तरी तिथून "ओ!" यायची. ती 'ओ' मी वर्गात बसून गणितं सोडवताना सुद्धा मनात ऐकायचो. दादा गेल्यावर ती रडली, जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरला पुन्हा शिव्या सुरू झाल्या. मला त्यानं धीर आला होता.

मी तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, आणि कोथरूडला एका लहानशा कंपनीत लागलो होतो. दुसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, तिच्यात आम्ही आठ-दहा जण, आणि खाली दहावीचे क्लास. आमचं काम जुना छापील मजकूर संगणकात नीट खुणा करून ठेवणं आणि मग त्यातून गिऱ्हाइकाला हवा तेवढा भाग वेचून देणं. खुणा दुसरी मंडळी करत, वेचण्याचं काम माझ्याकडे होतं. आता मुलांना हे सांगायला गेलं की ती म्हणतात, बाबा, हे तर आता आपोआप होतं. होत असेल. तेव्हा ते हातानं करावं लागे आणि मला त्याचं वेड लागलं होतं.

समजायला अवघड नाही. प्रत्येक मजकूर म्हणजे पेटीत पेटी. बाहेरची मोठी पेटी, तिच्या आत लहान पेट्या, त्यांच्या आत आणखी लहान, आणि प्रत्येक पेटीवर चिठ्ठी. हवी ती गोष्ट गाठायची तर रस्ता लिहायचा: या पेटीत जा, मग त्या पेटीत, मग अमुक चिठ्ठीची तिसरी वस्तू उचल. या रस्त्यांची सगळी भाषा नात्यांची होती. बाहेरची पेटी आतलीची पालक, आतली तिचं अपत्य, एका पेटीतल्या दोघी भावंडं, त्याहून वरचे सगळे पूर्वज. पालक नाही अशी पेटी फक्त सगळ्यात बाहेरची. दोन तिरप्या रेघा दिल्या की "आत कितीही खोल असो, शोध" असा अर्थ व्हायचा. मला सगळ्यात विचित्र वाटायचं ते एवढंच, की रस्ता चुकला तर यंत्र ओरडत नसे. विचारलेलं त्या रस्त्यावर नसेल तर ते रिकामा पडदा दाखवी. वस्तू आत असली तरीही. आपण चुकीच्या दारावर उभे आहोत असं ते कधीच सांगत नसे.

आमचं मोठं गिऱ्हाईक एक दैनिक होतं. त्यांच्या जुन्या अंकांतल्या निधनाच्या आणि पुण्यस्मरणाच्या सगळ्या जाहिराती आमच्याकडे खुणा करून आल्या होत्या. त्यातून गेलेल्यांची नावं आणि तारखा वेचायच्या, आणि मग पेपरात रोज एक सदर येणार: आज त्यांचा स्मृतिदिन. आधीच्या वर्षांत या तारखेला गेलेल्या सगळ्यांची नावं, एकाखाली एक. तेच इंटरनेटवरही. खुणा करणाऱ्यांनी कंटाळा केला होता. गेलेल्या माणसाची पेटी आणि खालच्या 'शोकाकुल' मंडळींची पेटी, दोन्हींवर त्यांनी एकच चिठ्ठी लावली होती, 'गट'. आत सगळ्यांवर 'नाव'. तेव्हा मेलेला कोण आणि रडणारा कोण हे चिठ्ठीवरून कळायला मार्ग नव्हता. आमच्या दामले सरांनी त्यावर तोडगा काढला होता: ज्या नावाची सुरुवात 'कै.'नं होते, ते उचलायचं.

सदर सुरू झालं आणि आई रोज सकाळी ते बघायला लागली. दादांचा दुसरा स्मृतिदिन जवळ येत होता. पहिल्या वर्षी आम्ही त्याच दैनिकात जाहिरात दिली होती, फोटोसकट, मजकूर मीच लिहिला होता. "यंदा जाहिरात न देताच येईल का रे त्यांचं नाव?" आईनं विचारलं. "जुन्या जाहिरातींतून घेतात म्हणालास ना?" मी ऑफिसात जाऊन दादांच्या जाहिरातीवर सरांचा रस्ता चालवला. रिकामा पडदा. कारण उघड होतं. आमच्यात 'कै.' लिहीत नाहीत. कैलासाला जायचं आमच्या लोकांनी छप्पन्न साली सोडलं. दादांच्या नावाआधी 'कालकथित' होतं. मी दामले सरांकडे गेलो.

"सर, बौद्धांच्या जाहिराती येतच नाहीयेत. 'कालकथित' असतं. मुसलमान, ख्रिश्चन, कुणीच येत नाहीये."

दामले सरांनी चष्मा वर केला. "म्हणजे आता प्रत्येकाच्या स्वर्गासाठी वेगळा रस्ता बांधायचा का आपण?"

"नाही सर, एकच बांधू. सगळ्यांना चालेल असा."

"बांधा. आपण हुशार आहात. फक्त सोमवारच्या आत बांधा."

मला राग आला होता आणि रागात मी झरझर काम करतो. विचार केला, जाहिरातीत गेलेल्याचं नाव सगळ्यात वर असतं, धर्म कुठलाही असो. तेव्हा उपाधी बघायचीच कशाला? आत कितीही खोल असो, पहिलं नाव उचल. दोन तिरप्या रेघा, नाव, चौकटी कंसात एक. शिवाय उपाध्या बघायच्या नाहीत तर छापायच्या तरी कशाला, म्हणून मी त्या सगळ्या पुसणारी एक ओळ घातली. कै., कालकथित, मरहूम, श्रीमती, आयु., सगळं साफ, आणि कंसातलं 'पत्नी', 'मुलगा' वगैरेही. नुसतं नाव राहिलं पाहिजे. मग दादांची जाहिरात उघडून रस्ता चालवला. पडद्यावर आलं: वामन सखाराम जगधने. माझे डोळे भरून आले आणि मी पडद्यावरची खिडकी बंद केली. त्या नावाखाली आणखी एक ओळ होती. ती मला दिसली होती की नव्हती, याचं खरं उत्तर मी इतक्या वर्षांत अनेकदा शोधलं आहे. कधी वाटतं नव्हती दिसली. कधी वाटतं, काळं काहीतरी होतं तिथं, आणि मला तेव्हा दादांशिवाय काही बघायचं नव्हतं.

सदर एकदम लांब झालं. दैनिकवाले खूश झाले. "यादी भरली की हो," दामले सर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

दादांच्या दिवशी सकाळी आईनं भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोपुढे आणि दादांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, आम्ही दोघांनी वंदना म्हटली, आणि ती पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. मटकीची उसळ गॅसवर होती. मी दाढी करत होतो. "आलं बघ," ती म्हणाली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "वामन सखाराम जगधने." मग जरा थांबून, त्याच आवाजात, "शकुंतला वामन जगधने." त्यानंतर तिसरं कुणाचंतरी नाव, चौथं, असं खालपर्यंत. पूर्ण यादी वाचून झाल्यावर तिनं पेपर घडी केला. मी अर्ध्या तोंडाला साबण लागलेला तसाच येऊन तो उलगडला. छापलं होतं. दादांच्या खाली, त्याच टायपात.

"आई, ही चूक आहे. माझी चूक आहे. मी आज काढून टाकतो."

"असू दे," ती म्हणाली. उसळ उतू जात होती. ती उठली आणि तिनं गॅस बंद केला. पातेलं खाली ठेवलं. आवाज आला नाही.

ऑफिसात पोचलो तर मंजिरी दारातच उभी. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, तोंडानं फटकळ, मनानं सरळ. "काय केलंस रे तू? दैनिकवाल्यांकडं चार दिवस फोन येतायत, आता त्यांनी आपल्याकडं ढकललेत. सगळ्या बायका! जिवंत बायका!" आणि मग मला कळलं मी काय केलं होतं. यंत्राला मी सांगितलं होतं ते मला वाटलं होतं तसं नव्हतं. "पहिलं नाव" याचा अर्थ त्यानं प्रत्येक पेटीतलं पहिलं नाव असा घेतला होता. गेलेल्याच्या पेटीतलं पहिलं, आणि शोकाकुलांच्या पेटीतलंही पहिलं. आणि शोकाकुलांत पहिलं नाव आपल्याकडे कुणाचं असतं? पुरुष गेला की त्याच्या बायकोचं. मुलांमध्ये कुणाचं नाव आधी यावरून घराघरांत भांडणं होतात, पण ती पहिली जागा कुणी मागत नाही. एरवी रेशनकार्डापासून दारावरच्या पाटीपर्यंत कुठंच ज्यांचं नाव पहिलं लागत नाही त्या सगळ्या मी एकगठ्ठा उचलून मेलेल्यांत नेऊन ठेवल्या होत्या. विधुर थोडे. बाकी विधवाच.

दुरुस्ती सोपी होती. अख्ख्या रस्त्याला गोल कंसात घालायचं आणि मग 'एक' म्हणायचं, म्हणजे सगळी नावं आधी एका रांगेत येतात आणि त्यातलं फक्त पहिलं उचललं जातं. दोन कंस. ते घालून मी यादी पुन्हा काढली, दैनिकानं खुलासा छापायचं कबूल केलं, आणि दामले सर म्हणाले, "आता आपण फोनवर बसा. ज्यांना मारलंत त्यांच्याशी बोला." ती शिक्षा योग्यच होती. दुपारभर मी बोललो. खाली क्लासमधली मुलं सूत्रं घोकत होती आणि माझ्या कानात एकामागून एक म्हाताऱ्या बायका. काही हसल्या, एक-दोघींनी शिव्या घातल्या, एकीनं नुसतं "मी आहे हो" म्हणून फोन ठेवला. सदाशिव पेठेतल्या एका आजींचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो, स्वच्छ, ळ आणि ण ठसठशीत.

"आपण नाव काढणार असं पेपरवाले म्हणतात."

"हो आजी, चूक झाली, माफ करा. इंटरनेटवरून उद्या निघेल."

"काढू नका."

"अहो पण... आपण तर हयात आहात."

"ते आपण फोनवरून कसं ठरवलंत?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पलीकडे काहीच आवाज नव्हता, ना पंखा, ना रस्ता, ना श्वास. "ह्यांच्या शेजारी जागा मिळाली आहे," त्या म्हणाल्या. "तेवढी राहू द्या." मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन बंद झाला. नाव मी काढलंच, काढावंच लागलं. त्यांना पुन्हा फोन करावा असं मनात आलं, पण मी तो केला नाही. फोन उचलला गेला नाही तर, याची भीती वाटली. आणि उचलला गेला तर, याचीही.

पण ही झाली परकी माणसं. खरी गोष्ट घरात घडत होती. संध्याकाळी मी खुलासा आईला दाखवायला म्हणून लिहून घेऊन आलो. जिन्यात सुकटीचा वास भरला होता, दार उघडं होतं, आणि आत आवाज नव्हता. मला वाटलं ती शेजारी गेली. ती ओट्यापाशी उभी होती, भाकरी थापत होती, आणि थापण्याचाही आवाज होत नव्हता. तिनं मला वाढलं. स्वतःचं ताट घेतलं नाही. "मी मागनं बसते," म्हणाली. गायकवाड काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "शकुंतलाबाई!" आई तशीच उभी. काकूंनी पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, "आई, काकू बोलावतायत." तिनं माझ्याकडे बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं, आणि पुन्हा परातीकडे वळली.

असं रोज व्हायला लागलं. रागावली असती, रडली असती तर मला कळलं असतं. ती शांत होती, आणि अतिशय नीटनेटकी झाली होती. चपला तिनं दाराबाहेरून उचलून कपाटात ठेवल्या. चांगल्या साड्या घड्या करून माझ्या मावशीकडे पाठवल्या. आमटीची चव बघणं तिनं सोडलं, त्यामुळं जेवण कधी अळणी, कधी खारट. कुकरची शिट्टी व्हायची आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. भर दुपारी सुट्टीच्या दिवशी मी आतल्या खोलीत पडलेलो असलो की बाहेरच्या खोलीत कुणी आहे की नाही हे कळत नसे. मी उठून बघायचो. ती दादांच्या खुर्चीत बसलेली असायची, हात मांडीवर, ऊन तिच्या पायांवर. गिरणीमुळे फरशी, खिडकी, कपाटातली भांडी सगळं थरथरत असायचं आणि ती एकटी स्थिर. डॉक्टरकडे नेली. रक्तदाब उत्तम. "आईंना विश्रांती मिळतेय वाटतं," डॉक्टर म्हणाले. खुलासा मी तिला तीनदा वाचून दाखवला. प्रत्येक वेळी ती समजूतदारपणे मान हलवायची. "त्यांनी उगाच छापलं नसेल रे," ती एकदा म्हणाली. "बरं आहे तिथं. कुणाचं काही राहिलेलं नसतं."

आज मी दादांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे आणि मला वाटतं, ती मला दोष देत नव्हती. दोन वर्षं ती आदळआपट करून स्वतःला इथं धरून बसली होती आणि मी तिला नकळत हात सोडायची परवानगी दिली. पण तेव्हा हे मला सुचलं नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझी आई रोज थोडी थोडी निघून चालली आहे, आणि तिला मी पाठवलं आहे.

एका रविवारी मी हट्टानं तिला ऑफिसात घेऊन गेलो. म्हटलं, कागदावर विश्वास नाही ना, मग यंत्रावर बघ. बसमध्ये ती खिडकीशी बसली, कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली तेव्हा तिनं दुसऱ्या तिकिटाकडे निरखून बघितलं. किल्ली माझ्याकडे होती. क्लास बंद, जिना रिकामा, वर यंत्रांवर पांढरे कपडे घातलेले. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, यंत्र सुरू केलं, आणि दादांची जाहिरात उघडून नवा रस्ता चालवला. एकच ओळ आली.

"बघ. दादाच फक्त. तू नाहीस यात."

ती पडद्याकडे वाकली. चष्मा घरी राहिला होता, तरी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग मी कुठं आहे?"

"तू आहेस की. आतच आहेस. दुसऱ्या पेटीत."

"दिसत नाही."

"विचारलं नाही म्हणून दिसत नाहीस. कुणी विचारलं तरच दिसतं यात."

"कुणी विचारत नाही होय," ती म्हणाली. आणि मग, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, तिच्या आवाजात जराशी धार आली. "मग विचार की."

मी रस्ता लिहिला. दुसरा गट, त्यातलं पहिलं नाव. घाईत मी फक्त आमची जाहिरात असं सांगायचं विसरलो, त्यामुळे यंत्रानं सगळ्याच जाहिरातींतून वेचायला सुरुवात केली. पडदा भरला आणि वर सरकू लागला. बायका, बायका आणि बायका. मी थांबवणार होतो, पण आईनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "वाच," ती म्हणाली. "मला चष्मा नाही."

मी वाचू लागलो. रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच परका वाटत होता. एक नाव वाचलं की आई जरा थांबायची, मान तिरकी करायची, जणू कुठूनतरी उत्तर येणार आहे, आणि मग बोटानं पुढे म्हणायची. पांढऱ्या कपड्यांखालची यंत्रं आमच्याकडे तोंड करून बसली होती. एका नावानंतर खाली जिन्यात कुणीतरी पाऊल टाकल्यासारखं वाटलं. मी थांबलो. "वाच," आई म्हणाली. ऊन टेबलावरून सरकून फरशीवर गेलं तरी मी वाचत होतो. सदाशिव पेठेतल्या त्या आजींचं नावही मधेच येऊन गेलं. आई त्यांच्यासाठीही थांबली.

मग तारखेनुसार आमचा दिवस आला. नाव पडद्यावर होतं आणि माझ्या तोंडून फुटेना. जन्मल्यापासून मी तिला नावानं हाक मारली नव्हती, कोण मारतं? दादा सुद्धा "अगं" म्हणायचे. मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती, पाठ ताठ, हात मांडीवर, वाट बघत.

"शकुंतला वामन जगधने," मी म्हणालो.

खोलीत काही हललं नाही. मी वाट बघितली. पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्यानं, गायकवाड काकू गॅलरीतून मारायच्या तितक्या मोठ्यानं.

"ओरडतोस काय," आई म्हणाली. "आहे इथंच."